बाई, त्याईले सांगा!

आमच्या घरी टेलिफोन आला तेव्हा माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि या अकरा वर्षांत मी माझ्या भासऱ्यांशी एक शब्दही बोलले नव्हते. भांडण नव्हतं. रीत होती.

भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. ते कुहीजवळच्या गावी धानाची शेती पाहत, आम्ही नागपुरात. सासरे नव्हते, त्यामुळे घरात भासऱ्यांचाच शब्द चाले. त्यांच्यासमोर धाकट्या सुनेनं जायचं नाही, आवाज काढायचा नाही. ते ओसरीतून काही विचारायचे, मी दाराआडून मान हलवायची, आणि मध्ये जे कोणी असेल (सासूबाई, शेजारीण, एकदा तर बोहारीण!) ते सांगायचं, "हो म्हणते." तेही माझ्याशी थेट बोलत नसत. "धाकटीले सांगा, चहात साखर कमी हाय," असं घराच्या आढ्याला म्हणत. अशी अकरा वर्षं सुखात गेली. मी मुळातच कमी बोलणारी. लग्नानंतर पहिली दोन वर्षं गल्लीतल्या बायका मला मुकी समजत होत्या, आणि मी तो गैरसमज दूर केला नाही. दूर करायचा म्हणजे बोलावं लागलं असतं!

मग फोन आला. यांचं सदरला मोटारपंप दुरुस्तीचं दुकान. फोन खरं तर तिथे हवा होता, पण अर्ज भरताना यांनी पत्ता घरचा लिहिला. अर्ज केला तेव्हा माझा थोरला पोटात होता, फोन लागला तेव्हा तो दुसरीत होता. एवढी वाट पाहायला लावून आलेल्या काळ्या यंत्राला बैठकीत स्टुलावर बसवलं. मी त्याच्यासाठी पिवळ्या लोकरीचं झालरवालं झाकण विणलं. रोज सकाळी त्याला पुसायची. वाजला की मात्र स्वयंपाकघरात पळायची.

गावातल्या गावात तबकडी फिरवली की नंबर लागे. बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल. आधी फोन ऑफिसातल्या बाईकडे नंबर नोंदवायचा, मग बसून राहायचं. तासानं, चार तासांनी ती तिकडची तार जोडून देई आणि स्वतः मध्ये कान देऊन बसे. तीन मिनिटं झाली की "तीन मिनिटं" म्हणून बजावे. म्हणजे बोलणारे दोघं आणि ऐकणारी ती तिसरी. ही तिसरी लक्षात ठेवा.

आता कुसुमची गोष्ट. कुसुम माझी नणंद, मॅट्रिक झालेली, आमच्याकडेच राहायची. तिला पाहायला कळमेश्वरहून मंडळी येणार होती. मुलगा तिथल्या कारखान्यात फिटर. नेमकी धानाची कापणी आलेली, भासऱ्यांना शेत सोडता येईना, सासूबाईंना गावचं घर. यांना मोठी युक्ती सुचली. "फोन कशाले घेतला मंग? दादा कुहीच्या पोस्टात येऊन बसन. मी ट्रंक लावतो. पाहुण्यासमोरच होकार!" तसं पोस्टकार्ड गेलं. ठरलेल्या दिवशी भासरे भाकर बांधून सकाळपासून कुहीच्या पोस्टात जाऊन बसले.

मंडळी आली. मुलगा, त्याची आई आणि मामा. चहापोह्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. मुलाच्या आईनं कुसुमला पाहिलं, पण बाई तोंडातून अक्षर काढीना. मामा मात्र दोघांचं बोलत होते. "हे पाहा, उद्या आमाले दुसरीकडे मुलगी पाहाले जायचं आहे. तुमच्या दादाचं हो का नाही ते आजच कळलं पाहिजे. पाचची बस आहे."

यांनी सकाळीच कॉल नोंदवला होता, पण फोन मुका. बारा वाजले, दोन वाजले, साडेतीन वाजले. हे स्टुलाशी असे बसले होते जसं काही अंडं उबवून राहिले. स्वयंपाकघरात कुसुम माझा पदर ओढत होती. "वैनी, मले पसंत आहे वं. पण दादाचा फोन नाही आला त?"

"येईन, येईन," मी म्हटलं.

पावणेचारला मामांना पान खायची इच्छा झाली. पानठेला अगदी कोपऱ्यावर. हे उठले, चपला घातल्या, अंगणातलं फाटक लागल्याचा आवाज आला.

आणि फोन वाजला!

मी कुसुमकडे पाहिलं, कुसुमनं माझ्याकडे. ती म्हणाली, "मी कशी जाऊ? माझ्याच लग्नाचं मीच बोलू काय, त्याईच्यासमोर?" खरं होतं. फोन वाजतच होता. बैठकीतून मामा ओरडले, "अवं बाई, घ्या ना! बंद होऊन जाईन!"

मी गेले. आधी पदर नाकापर्यंत ओढला, कारण पलीकडे भासरे होते. (मी त्यांना दिसणार कशी, हा विचार मला त्या वेळी शिवलाही नाही.) फोन उचलला तर पदर कान आणि फोनच्या मध्ये आला. सगळं गोधडीतून आल्यासारखं ऐकू येत होतं.

"हॅलो, कुही लाइनवर आहे. बोला," ट्रंकवाली बाई म्हणाली.

"हालो! बंडू! बोल ना गा!" भासरे यांना हाक मारत होते.

त्यांचा आवाज कानावर पडला आणि माझे पाय आपोआप दाराकडे वळले. भासरे बोलताना दाराआड उभं राहायचं, ही अकरा वर्षांची सवय! मी दाराआड गेले, तार माझ्यामागे ताणली, स्टूल सरकलं, आणि पिवळं झाकण उडून मामांच्या चहात पडलं.

"बंड्या, बोलत काहून नाही? तोंडात सुपारी हाय काय?"

मी "नाही" म्हणून मान हलवली.

"हालो! मंग कोन हाय तिथं? धाकटी त नोहे?"

मी "हो" म्हणून मान हलवली.

"बाई, बोला," ट्रंकवाली म्हणाली. "एक मिनिट झालं. बोलला नाही तर मी लाइन सोडीन, मग पुन्हा रात्रीशिवाय मिळणार नाही."

रात्री! आणि बस पाचची! स्वयंपाकघराच्या दारात कुसुम हात जोडून उभी. तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. ट्रंकवाली ही बाई आहे, बाईशी बोलायला कसली आलीय बंदी?

"बाई," मी म्हटलं, "त्याईले सांगा, हे घरी नाहीत. पान आणाले गेले."

"अहो, मी कशाला सांगू? ते ऐकताहेत ना. थेट बोला."

"थेट कशी बोलू बाई? ते माझे भासरे आहेत!"

मग कुहीहून सुटका झाल्यासारखा आवाज आला, "बराबर हाय! बाई, धाकटीले विचारा, पाहुने आले काय?"

ट्रंकवालीनं लांब श्वास सोडला. बहुतेक तिलाही भासरे असावेत. "पाहुणे आले का, विचारतात."

"आले म्हणा."

"आले म्हणतात. आणि बाई, मोठ्यानं बोला, तुमचं मलाच नीट ऐकू येत नाही."

मोठ्यानं! मी जन्मात मोठ्यानं फक्त एकदा बोलले होते, मांजरानं दूध सांडलं तेव्हा.

"धाकटीले विचारा, पोरगा कसा हाय?"

पोरगा माझ्यापासून तीन हातांवर, पोहे खात होता. मी हळूच म्हटलं, "बरा आहे."

"मोठ्यानं!"

"बरा आहे!!" मी ओरडले. मुलाच्या हातातला चमचा थांबला.

"नुसता बरा?" भासरे म्हणाले. "बरा त आमचा बैलबी हाय. नीट सांगाले सांगा. उंची?"

"कुसुमपेक्षा चार बोटं जास्त!"

"रंग?"

"सावळा! पण स्वच्छ!"

"केस?"

इथं मी घुटमळले. पण भासऱ्यांशी खोटं बोलायची कधी सवय नव्हती. (खरं बोलायचीही नव्हती, पण ते वेगळं.) "आहेत! समोरून निघून चालले, मागून भरपूर आहेत!"

मामांना ठसका लागला. मुलानं हळूच कपाळावरून हात फिरवला.

"खानं-पिनं?"

"चांगलं आहे! पोह्याची तिसरी बशी चालू आहे!"

मुलगा दचकला, बशी खाली ठेवली आणि कधी नव्हे ते बोलला, "दुसरी आहे."

"दुसरी म्हणतात!" मी तेही कळवलं. सांगितलेलं सगळं पोचवायचं, एवढंच मला माहीत!

ट्रंकवाली आता रंगात आली होती. भासऱ्यांनी न विचारताच ती म्हणाली, "आणि मुलाची आई कशी आहे हो?"

"हो, हो, ते इचारा!" कुहीहून आवाज आला.

"बाई, त्या इथंच बसल्या आहेत समोर!"

"समोर बसल्या आहेत म्हणतात."

"मंग पाहून सांगा म्हना!"

मी दाराआडून डोकं बाहेर काढलं. पदर दोन बोटं वर केला. मुलाच्या आईनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं. आता मागे फिरायला जागा नव्हती.

"नाक सरळ आहे!" मी ओरडले. "तोंड अजून उघडलं नाही!"

बैठकीत इतकी शांतता झाली की मामांच्या चहात भिजलेल्या झाकणातून थेंब पडल्याचं ऐकू आलं. स्वयंपाकघराच्या दारात कुसुम मटकन खाली बसली.

"तीन मिनिटं होत आली," ट्रंकवाली म्हणाली. "कुहीवाले, आता एका शब्दात सांगा, हो की नाही?"

पलीकडे भासऱ्यांचा आवाज एकदम हलका झाला. "बाई, धाकटीलेच विचारा. मी काही पाह्यलं नाही, तिनं पाह्यलं. तिले कसं वाटते? ती म्हनन ते."

अकरा वर्षांत या घरात मला कोणी काही विचारलं नव्हतं. साखर कमी का, एवढं सोडून. आणि विचारलं कोणी? ज्यांच्यापुढे मी कधी उभीही राहिले नाही, त्यांनी! कुसुमचं सगळं आयुष्य माझ्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं. शब्द तर सोपा. एकच अक्षर.

मी छाती भरून श्वास घेतला आणि मान हलवली.

"बाई?" ट्रंकवाली म्हणाली. "हो का नाही? बाई?"

मी आणखी जोरानं मान हलवली. इतकी, की पदर खाली पडला.

खट्ट! लाइन तुटली.

तेवढ्यात हे पान घेऊन आले. "फोन आला काय वं?"

मी मान हलवली.

"दादा काय म्हणाले?"

"माझ्यावर सोडलं म्हणाले."

"मंग तू काय म्हणाली?"

"मान हलवली."

यांनी पानाचा पुडा कपाळावर मारून घेतला. "फोनमधी मान हलवली? अवं बाप्पा, त्याले मान दिसते काय?"

मला रडू फुटणार, एवढ्यात मुलाच्या आईनं तोंड उघडलं. दिवसभरात पहिल्यांदा.

"त्याईले नसन दिसली," ती म्हणाली, "मले दिसली. आमच्या पोराचे केस, माझं नाक, सगळं जसं आहे तसंच सांगितलं या बाईनं. जिच्या वैनीले खोटं बोलता येत नाही, ती पोरगी मले चालते." मग मुलाकडे वळून म्हणाली, "आणि रे, ती तिसरीच बशी होती."

पण कुहीचा होकार? हे कपाळ धरून बसले होते. दहा मिनिटांनी फोन पुन्हा वाजला. कॉल किती मिनिटांचा झाला ते कळवायला ट्रंकवालीच बोलत होती. यांनी घेतला, ऐकलं आणि माझ्याकडे पाहतच राहिले.

"ती विचारते, तुम्ही मान हलवली होती ना? म्हणे, तिची आईबी फोनवर असंच करते. तिनं दादाले सांगून टाकलं, धाकटी हो म्हणते."

लग्नात कोणीतरी भासऱ्यांना विचारलं, "सोयरीक जमवली कोणं?" भासरे म्हणाले, "ट्रंकवाल्या बाईनं." आणि दाराआडून मी मान हलवली.

आता कुहीला थेट नंबर फिरवून फोन लागतो. यांना त्याचं फार कौतुक. "पाय, मधात आता कोनीच नाही!" हे म्हणाले, आणि मी फोनपासून दोन पावलं मागे सरकले. मधात कोणीच नाही, मग बोलायचं कसं? पहिल्यांदा भासऱ्यांचा फोन आला तेव्हा मी उचलला. पदर ओढला आणि दाराआड गेले. मग पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"बाई, धाकटीले सांगा, धान यंदा चांगलं झालं."

कोणत्या बाईला सांगत होते कोण जाणे. पण मला एकदम हायसं वाटलं. "बाई," मी म्हटलं, "त्याईले सांगा, ऐकून बरं वाटलं."

तेव्हापासून आमचं असंच चाललंय. बाई तारेवरून कधीच्या गेल्या, आम्ही मात्र त्यांना सुट्टी दिलेली नाही. माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या बाईनं याहून जास्त पुढारायचं तरी किती? परवा भासऱ्यांनी विचारलं, "बाई, धाकटीले विचारा, तब्येत कशी हाय?" मी मान हलवली. पलीकडून काहीच आवाज येईना. मी थांबले, तेही थांबले. हे शेजारून ओरडत होते, "अवं, बोल ना! लाइन गेली काय?"

लाइन गेली नव्हती. मला वाटतं, तिकडे तेही मान हलवत होते.