कोड सातचं पान

"आवं रामगोंडाण्णा, हात काढा! चाकावरनं हात काढा आदी!"

रामगोंडानं दचकून हात काढला. रंगाच्या यंत्राच्या झाकणाचं चाक पाव फेरा फिरलं होतं, आणि फटीतनं वाफेची बारीक शीळ सुटली होती. त्यानं चाक पुन्हा गच्च आवळलं.

"का गं पद्माक्का? पान म्हंतंय, उघडा."

"काटा बघा की. दाब हाय अजून आत. समदं उकळतं पानी त्वांडावर आलं असतं."

"पानात काट्याचं नावबी न्हाई."

"हाय. माज्या हातानं लिवलंय."

"मग दाव."

माधवनगरची कापड रंगवायची गिरणी. नव्व्याण्णव सालचा दसरा होऊन आठवडा झाला होता. कुपवाडच्या एका छोट्या कंपनीनं रंगाच्या यंत्राला कॉम्प्युटर जोडून दिला होता. यंत्रात एका वेळी घातलेल्या कापडाची, म्हणजे घाण्याची, एक पायरी झाली की पडद्यावर कोडचा आकडा यायचा. त्या आकड्याला काय करायचं, हे कंपनीच्या वेबसाइटवरच्या पानांत लिहिलेलं. साइट पुण्यात होती, पण फोन सारखा तुटायचा, म्हणून पानांची नक्कल गिरणीच्या कॉम्प्युटरवरच ठेवलेली. आजवर रामगोंडा आपल्या अंदाजानंच यंत्र चालवत आला होता. आज मात्र मॅनेजरनं बजावलं होतं, पान सांगेल तसंच करायचं.

कंपनीत ती पानं लिहायची पद्मावती मगदूम. समडोळीच्या शेतकऱ्याची लेक. साताऱ्यात एका छापखान्यात आठ वर्षं लग्नपत्रिकांचे खिळे जुळवले. छापखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीचे खिळे जुळवणारे घरी बसले, ही त्या कॉम्प्युटरसमोर बसली. बोलली तर गावच्या बोलीत, लिहिलं तर बिनचूक.

रामगोंडाचे हात कोपरापर्यंत निळे. त्यानं कानावरची पेन्सिल काढली आणि मागच्या बाजूनं कीबोर्डची कळ दाबली. कोड सातचं पान आलं. डावीकडं सगळ्या कोडची यादी, उजवीकडं गर्द निळ्या जमिनीवर कंपनीचं सोनेरी चक्र गरागरा फिरतंय, आणि त्याखाली एकच ओळ: घाणा थंड झाला, आता झाकण उघडावे.

"बघ. व्हय का न्हाई?"

"खाली हाय. खाली जावा."

त्यानं खालच्या बाणावर पेन्सिल मारली. डावीकडची यादी सरकली. उजवीकडचं पान ढिम्म. आणखी मारली. यादी तळाला गेली, पान आहे तिथंच.

पद्मावतीला चूक उमगली. उजवीकडचं पान हलवायचं तर आधी त्यावर माऊसनं एकदा दाबावं लागतं. कुपवाडला बसून ती नकळत दरवेळी दाबत आली होती.

"माऊस कुटं हाय?"

रामगोंडानं कोनाड्याकडं मान केली. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला माऊस, त्याला कुंकू, वर वाळका झेंडू. "खंडेनवमीला पुजला. ह्या हातानं धरून खराब करायचा व्हय? पेन्सिलनं समदं हुतंय की."

कंपनीचा निमिष मागंच उभा होता. सांगलीचा, इंजिनिअर. चक्र त्यानंच केलेलं. त्याचा चेहरा उतरला होता, तरी म्हणाला, "पद्मावतीताई, माऊस खाली घ्या, प्रश्न मिटला."

"उद्या परत वर जाईल. ह्यांचं हात काय धुऊन निगत न्हाईत. आनि आज मी वरडाया हुते. दुसऱ्या गिरनीत कोन वरडंल?"

"पण चक्र काढलं तर साइट ओकीबोकी दिसेल. लोक बघायला येतात तेव्हा चक्रच बघतात."

"ती लोकं खुर्चीत बसून बघत्यात. ह्यो मानूस यंत्राजवळ हुबा असतोय."

रामगोंडा म्हणाला, "चक्र जत्रंत लावा, साहेब. पाळन्याजवळ शोभंल."

निमिष म्हणाला, "बदला. पण तीनच्या पाळीला धुळा येतो, त्याला कुणी काही सांगायचं नाही. नुसत्या पानावर त्याला जमलं, तरच पुण्याला चढवू. आणि तो चुकला तर?"

"म्हनूनच मी चाकाजवळ हुबी ऱ्हानार."

तिनं बाजूची यादी काढून टाकली. चक्र काढलं. जमीन पांढरी, अक्षर काळं आणि बोटभर मोठं. पहिली ओळ, काटा बघा. दुसरी, शून्य नसेल तर थांबा. झाकण तिसऱ्या ओळीत. सगळं एका पडद्यात मावलं. पेन्सिलनं तीनदा उघडून बघितलं आणि मगच खुर्ची सोडली.

चार वाजून दहा मिनिटांनी कोड सात लागला. धुळा पेन्सिल घेऊन आला. एक कळ. ओठ हलवत वाचलं. मग वळला आणि सरळ झाकणाकडं निघाला.

पद्मावतीनं चाकावर हात ठेवला. लोखंड पोळत होतं. निमिष काहीतरी बोलणार होता, तिनं मानेनंच गप्प केलं. धुळा दोन हातांवर आला. एका हातावर आला. आणि वाकून त्यानं काट्याची काच निळ्या अंगठ्यानं पुसली.

मग तो सरळ झाला आणि भिंतीला टेकला.

"का रं, थांबलास?" रामगोंडानं विचारलं.

"शून्य न्हाई अजून. पान थांब म्हंतंय." त्यानं तिच्याकडं बघितलं. "अक्का, तुमी का चाक धरून हुब्या? कवाधरनं भाजतंय आसंल की."

तिनं हात काढला. तळवा लाल झाला होता. अकरा मिनिटं कुणी जागचं हललं नाही. काटा शून्याला टेकला, धुळानं झाकण उघडलं, आणि आतनं नुसती ओली, मऊ वाफ वर आली.

निमिषनं विचारलं, "आणखी किती पानं आहेत अशी?"

"एकशे बारा."

रामगोंडा हसायला लागला. पद्मावतीनं हात नळाखाली धरला, पदराला पुसला आणि खुर्चीवर बसली. कोड आठचं पान उघडलं. तिथंही चक्र गरागरा फिरत होतं. तिनं ते काढलं आणि खालची ओळ वर घ्यायला लागली.