सशांसाठी घासलेली फरशी

लालासाहेब नलवडे यांनी चाळीस वर्षं फरशी घासली. सांगली, मिरज, तासगाव, कधी थेट साताऱ्यापर्यंत. बंगले, बँका, दोन मंगल कार्यालयं. गुडघ्याखाली पोत्याची घडी, हातात दगड, समोर राखाडी चिखल. चिखल पुसला की फरशी वर यायची आणि तिच्यात छत दिसायचं.

ते मूळचे कवठे महांकाळकडचे. लहानपणी त्यांनी पाणी पाहिलं ते विहिरीच्या तळाशी, हातभर. त्यामुळं असेल, घासलेली फरशी त्यांना नेहमी पाण्यासारखी वाटे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. कामावरचे जोडीदार हसले असते.

हातपाय थकल्यावर ते आणि त्यांची बायको राहीबाई सांगलीत एका घराच्या तळमजल्यावर भाड्यानं राहू लागले. एक खोली, मागं स्वयंपाकघर, पुढं लहानसा ओटा. घरमालकीण विनोदिनीबाई वर राहत. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, बोलायला रोखठोक.

ससे आले दिवाळीनंतर. राहीबाई तासगावला भावाकडं गेल्या होत्या. भावजयीनं द्राक्षबागेच्या कडेला ससे पाळले होते. परत येताना राहीबाईंच्या मांडीवर बेदाण्याचा खोका होता आणि खोक्याला भोकं पाडलेली होती.

"काय आणलंस?" लालासाहेबांनी विचारलं.

"उघडा की."

उघडलं. दोन माद्या. एक पांढरी, एक बेदाण्याच्या रंगाची. पांढरीचं नाव राहीबाईंनी वाटेतच ठेवलं होतं, शेवरी. दुसरी बेदाणी.

"हे काय खूळ?"

"घरात काय तरी हालतं-चालतं पायजे. तुमी दिवसभर छताकडं बघत पडता, आन् मी तुमच्याकडं."

बाहेर मांजरांचा सुळसुळाट, म्हणून ससे घरातच राहिले. लालासाहेबांनी काम नेमून घेतलं. पहाटे उठून घमेल्यातला भुस्सा बदलायचा, घमेलं घासून वाळवायचं, संध्याकाळी पुन्हा तेच. विजेच्या वायरी पाइपात घातल्या. लसूणघास रोज ताजा, धुऊन, पाणी निथळून. ओला घास पोटाला बाधतो. चार दिवसांत दोघी घमेल्यातच घाण करायला शिकल्या. हे कष्ट कमी नव्हते, पण चुकवण्यासारखे नव्हते.

पाचव्या दिवशी विनोदिनीबाई पाण्याच्या बिलासाठी खाली आल्या आणि दारातच थांबल्या.

"लालासाहेब, भाडेकरारात काय लिहिलंय?"

"जनावर ठेवायचं न्हाई."

"मग हे काय आहे?"

राहीबाई मधे पडल्या. "बाई, जनावर म्हंजे बैल-म्हस. ह्यो तर कापूस हाय."

"कापूस दाराच्या चौकटी कुरतडत नाही, राहीबाई."

राहीबाईंनी शेवरीला पदराआड घेतलं. लालासाहेबांनी ते पाहिलं. मग त्यांनी खाली पाहिलं. जुनी मोझॅक फरशी, डागाळलेली, रंग उडालेली.

"बाई, ही फरशी कवाची?"

"घर बांधलं तेव्हाची."

"घासलीया कवा?"

"कधीच नाही."

"मी घासून देतो. पैसा नगं. आशी फरशी तुमच्या सोयऱ्याधायऱ्यांत कुणाकडं नसंल. ससं तेवढं राहू द्या."

विनोदिनीबाईंनी फरशीकडं पाहिलं, माणसाकडं पाहिलं. "ठीक आहे. पण वास आला, की त्या दिवशी ससे बाहेर. तेव्हा मग फरशीचं कौतुक सांगायचं नाही."

जुना जोडीदार हंबीरराव, त्याच्याकडं मशीन अजून होतं. ते टेम्पोत घालून आणलं. माणसं आणि ससे सहा दिवस स्वयंपाकघरात झोपले. बारा बाय दहाची खोली, फूटभराच्या एकशेवीस फरश्या. आधी साठ नंबरचा दगड, मग सांध्यांत पांढरं सिमेंट, ते सुकायला दोन दिवस. मग एकशेवीस नंबरचा, मग दोनशेवीस, मग तीनशेवीस; नंबर वाढेल तसा दगड बारीक. कोपरे हातानं. कोपऱ्यात मशीन जात नाही आणि माणसाची परीक्षा कोपऱ्यातच होते. शेवटचं मेण त्यांनी पोत्यानं, हातानंच चढवलं. हंबीरराव म्हणाला, "गड्या, भाड्याच्या खोलीला एवढं?" लालासाहेब म्हणाले, "तू पाय पुसून ये."

सातव्या दिवशी सकाळी त्यांनी खोलीचं दार उघडलं. उन्हाची तिरीप आत आली आणि फरशीत उतरली. छताचा पंखा खाली फिरत होता, खोल, एखाद्या विहिरीत फिरावा तसा. खिडकीबाहेरचा शेवगा उलटा डुलत होता. विनोदिनीबाई उंबऱ्यावरूनच म्हणाल्या, "अरे वा." त्यांच्या तोंडून एवढं फार होतं.

ससे आत सोडले. शेवरी दाराशी थबकली. तिच्या खाली दुसरी एक शेवरी होती, पाय पायाला लावून. दोघींनी एकमेकींचा वास घेतला.

त्यानंतरच्या दुपारी लालासाहेबांना स्वप्नासारख्या गेल्या. ते भिंतीशी चटईवर पडत. ऊन फरशीवरून सावकाश सरके. छतावर उजेडाच्या लाटा हलत. डोळा लागायचा आणि खोली पाण्यावर आहे असं वाटायचं, कडेकडेनं भरलेल्या तलावावर. पांढरा ढग पाण्यात एका जागी उभा. बराच वेळ उभा. जागे झाले तरी तो तिथंच असायचा.

पंधरा दिवसांनी त्यांच्या ध्यानात आलं. ढग हलतच नव्हता.

शेवरी खिडकीखालच्या कोपऱ्यात बसून होती. बेदाणी हलकी, चपळ; ती घसरत-सावरत घमेल्यापर्यंत जायची. शेवरी जायची नाही. बसल्या जागीच लघवी करायची. घास समोर ठेवला तर दोन काड्या, बास. राहीबाईंनी उचलून पाहिलं. मागच्या पायांचे तळवे लाल, केस झडलेले.

"आवं, ही मरंल अशानं. ससं चालायचं थांबलं की खायचं थांबतं. वहिनी म्हनली होती."

लालासाहेबांनी पोतं अंथरलं. पोतं फरशीवरून सरकायचं, वर ससा घाबरायचा, आणि थांबलं की ताग कुरतडायचा. प्लॅस्टिकची चटई आणली. बेदाणीनं सकाळपर्यंत तिचा कोपरा खाल्ला. प्लॅस्टिक पोटात जाईल या भीतीनं राहीबाईंनी ती बाहेर फेकली. मग घोंगडी. घोंगडी सरकत नव्हती, पण लघवी पीत होती. तिसऱ्या दिवशी वास यायला लागला. वास वर गेला की सगळंच संपणार. घोंगडी धुऊन ओट्यावर टाकली आणि फरशी पुन्हा उघडी झाली.

त्या दुपारी ते झोपले नाहीत. पोटावर आडवे झाले, गाल फरशीला लावला आणि समोर शेवरीला घेतलं. घासाची काडी हातभर लांब धरली. शेवरीनं पुढचा पाय टाकला. नखं फरशीवर टिकटिक वाजली. पकडायला काहीच नव्हतं. सशाच्या तळव्याला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. मागचे पाय दोन बाजूंना फाकले, पोट खाली टेकलं. ती तशीच पडून राहिली, पाण्यात पडल्यासारखी, डोळे उघडे.

लालासाहेबांनी आपलं नख फरशीवर ओढलं. कुठं अडलं नाही. चाळीस वर्षं याच गोष्टीसाठी ते फरशीवर नख ओढत आले होते. अडलं नाही, म्हणजे काम चांगलं.

"फरशीचा दोष हाय," ते उठून म्हणाले.

राहीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "मंग? मी कशी चालते ते बघितलंय का कवा?"

"कशी?"

"भिताडाला धरून. तुमी मेण लावलं तवापासनं."

"बोलली न्हाईस."

"काय बोलू? रोज सकाळी उठून तिच्याकडं आसं बघायचा, जशी पोरगी नटून हुबी ऱ्हायलीया. माझ्याकडं लग्नात बघितलं नव्हतं आसं."

लालासाहेबांना हसू आलं नाही. त्यांनी शर्ट चढवला, बटणं लावली आणि जिना चढून वर गेले.

विनोदिनीबाई पेपर वाचत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे, तुम्हीच चमकवलेली फरशी तुम्हीच खराब करणार?"

"खराब न्हाई. खरबरीत. एकशेवीसचा दगड हातानं फिरवायचा. चमक जाईल. पायाला धर यील."

"मी रविवारी भाचीला बोलावलंय, फरशी दाखवायला. तिच्या घरीही तुमच्याकडून करून घ्यायची म्हणत होते."

"रविवारपतूर थांबलो तर ससं जगायचं न्हाई, बाई."

"सशासाठी?"

"सशासाठी." मग थोडं थांबून, "आन् घरातल्या मानसासाठी. फरशी तुमची हाय, म्हणून विचाराय आलो. न्हाई म्हणालात तर हात लावणार न्हाई. खोली सोडतो. पण ससं सोडायचं न्हाई."

या वयात दुसरी खोली शोधायची म्हणजे काय, ते दोघांनाही ठाऊक होतं. विनोदिनीबाईंनी चष्मा काढला आणि खाली आल्या. उंबऱ्यावर चपला काढून त्या फरशी झाल्यापासून पहिल्यांदाच खोलीत शिरल्या. दोन पावलं टाकली आणि त्यांचा हात आपोआप भिंतीकडं गेला. तो हात त्यांनी पाहिला. समोरच्या भिंतीला राहीबाईंचा हात टेकलेला होता, तोही पाहिला. कोपऱ्यात शेवरी पोट टाकून बसली होती. समोर घास सुकला होता.

"सगळी करायलाच हवी? मधली थोडी ठेवा की."

"ठेवली तर ह्या समद्या भिताडाकडंनंच जाणार, बाई."

"आणि भाचीला काय सांगू?"

"सांगा, भाडेकरी येडा हाय."

"ते तिला सांगून झालंय." त्या वळल्या. दारातून म्हणाल्या, "खोली सोडाल तेव्हा मला होती तशी चमकवून द्यायची. कबूल?"

लालासाहेबांनी आपल्या गुडघ्यांकडं पाहिलं. "मंग सोडता यायची न्हाई."

"बघा बाई," राहीबाई म्हणाल्या, "आता आमी जन्माचं बसलो तुमच्या उरावर."

मशीन मागवलं नाही. त्याच्या आवाजानं शेवरीचा जीव गेला असता. हातानंच करायचं ठरलं. दिवसाला पंधरा फरश्या, असा हिशेब त्यांनी धरला. आठ दिवस. पण सुरुवात कुठून, याचा त्यांनी विचार केला. कारागीर आतल्या कोपऱ्यातून दाराकडं येतो, चाळीस वर्षांचा शिरस्ता. त्यांनी तो मोडला. शेवरीच्या कोपऱ्यापासून घमेल्यापर्यंत सात फरश्या होत्या. आधी त्या.

त्याच दुपारी पाणी शिंपडलं. दगड धरला. पहिला फेरा दिला आणि पंख्याचं प्रतिबिंब पुसलं. दुसऱ्या फरशीत शेवग्याची फांदी गेली. राखाडी चिखल आला, ओळखीचा, बोटांच्या सांध्यांत शिरणारा. वास तोच, ओल्या दगडाचा. खांदा दुखला. ते थांबले नाहीत. एका फरशीला दोनशे फेरे, कमी नाहीत. चिखल पुसला की खाली पाणी नव्हतं. भुरी, कोरडी जमीन होती, माळासारखी. तळं आटत जावं आणि मधून पायवाट वर यावी, तसं ते दिसत होतं. दोन्ही कडांना उन्हात पाणी चमकत होतं आणि मधली वाट फूट-फूट पुढं सरकत होती.

सातवी फरशी झाली तेव्हा ऊन कललं होतं. त्यांनी सगळं कोरडं पुसलं, मागं सरले आणि भिंतीला टेकले. राहीबाई शेजारी येऊन बसल्या.

बराच वेळ काही झालं नाही. मग शेवरीनं नाक पुढं केलं. तिच्या खाली आज दुसरं कुणी नव्हतं. तिनं एक पाय टाकला. नख धरलं. दुसरा टाकला. मागचे पाय जरा थरथरले, पण फाकले नाहीत. ती वाटेवरून गेली, घमेल्यात चढली, आपलं काम केलं, भुस्सा उडवला आणि आली तशी परत गेली. मग घासाची काडी ओढून घेतली. काडी तोंडात आत-आत जाताना दोघांनी पाहिली. दुसरी. तिसरी.

"लागली," राहीबाई हळूच म्हणाल्या.

लालासाहेबांनी मान हलवली. बोटं आखडली होती. ती त्यांनी एकेक करून सरळ केली.

"आता माझी वाट करा," राहीबाई म्हणाल्या. "सैपाकघरापासनं भायेरच्या दारापतूर. मधनं."

त्यांनी मनात फरश्या मोजल्या. बारा होत्या. दगड पाण्यात बुडवला आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून पुन्हा गुडघे टेकले.