दर्याची बॅटरी

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही, आईला नाही, आणि जिच्यावर ती शेकली त्या वहिनीला तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही माझे कोणी लागत नाही म्हणून. एक मात्र आधीच बजावते – मध्येच ‘अगं, लहान होतीस’ असं म्हणू नका. तेवीस वर्षांची होते. बी.कॉम. झालेली घोडी.

आमचं घर घिवलीजवळ, किनाऱ्यालाच. बाबा आणि दादा होडी घेऊन जायचे, भरतीबरोबर परतायचे. किनाऱ्यापुढे खडक आहेत आणि त्यांच्यामधून होडीपुरती एकच वाट. अंधार पडल्यावर होडी येणार असली की घरातल्या कोणीतरी त्या वाटेच्या बरोबर समोर उभं राहून बॅटरी दाखवायची. तिच्या उजेडावर होडीचं नाक धरून आलं की सगळे सुखरूप. त्यासाठी एक चार्जिंगची बॅटरी होती – बोईसरच्या बाजारातली, स्वस्तातली, पिवळ्या प्लास्टिकची. ती ‘दर्याची बॅटरी’. नारळी पौर्णिमेला आई होडीबरोबर तिलाही कुंकू लावायची. घरात साप निघाला तरी तिला हात लावायचा नाही, असा दंडक. आणि ती रोज चार्ज करून खुंटीला अडकवणं हे वहिनीचं काम.

इतकी मोलाची होती तर दुसरी का नाही आणून ठेवली? सांगा ना! दोन माणसांचा जीव एका स्वस्त बॅटरीवर, आणि त्या बॅटरीचा सगळा भार एकट्या सुनेवर – याचा मला आजही संताप येतो. पण थांबा. हा संताप मी नेहमीच पुढे करते. त्याच्याआड लपायला बरं पडतं.

त्या दिवशी दुपारी गावातली लाईट गेली. माझा मोबाईल बंद पडत आला होता. दर्याच्या बॅटरीला मागे मोबाईल चार्ज करायची सोय होती. मी वायर लावली आणि बघत बसले – दुपारभर. कोणाचा फोन यायचा होता? कोणाचाही नाही. नोकरीचं काही? छे! मालिकेतल्या बाईचं लग्न मोडतं की नाही, तेवढंच बघायचं होतं मला. नंतर बॅटरी पेटवून पाहिली. मंद होती. हे मी आजवर स्वतःशीसुद्धा धड बोलले नव्हते – ती मंद आहे हे मला दिसलं होतं. तरीही मी ती गुपचूप खुंटीला अडकवली.

दिवेलागणीला वहिनी ती घेऊन किनाऱ्यावर गेली. होडी खडकांपाशी आली आणि बॅटरी विझली. मोबाईलचा उजेड तिथवर पोचत नाही. लाईट नव्हती, म्हणून घरांच्या दिव्यांचाही अंदाज नव्हता. वहिनी घसा फोडून हाका मारत राहिली. होडी खडकावर आदळली. दादा वाचला. बाबांचा उजवा हात होडी आणि खडकाच्या मध्ये चिरडला. त्या हाताने त्यांनी पुन्हा कधी जाळं ओढलं नाही.

वहिनी भिजल्या लुगड्याने ओट्यापाशी उभी होती. एकच सांगत होती, “आये, मी लावलेली. सकालीच लावलेली. हिरवा दिवा लागला तवाच काढली.”

आई माझ्याकडे वळली. “तू घरात व्हतीस ना? लावलेली काय हिनं?”

इथे गप्प बसले असते तरी भित्री ठरले असते, एवढंच. पण मी गप्प बसले नाही.

“नाय,” मी म्हटलं. “सकालपासून खुंटीलाच हाय.”

किती सोपं होतं! कोणी उलट विचारलं नाही. लेकीचा शब्द आणि सुनेचा शब्द – आमच्या घरात तराजू कुठे झुकणार हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर बोलले. त्याच आठवड्यात दादाने वहिनीला सातपाटीला माहेरी नेऊन सोडलं. तीन वर्षांची पोर आमच्याकडेच ठेवून घेतली. पोर रोज माझ्या कुशीत झोपायची, आईच्या नावाने रडायची, आणि मी तिला थोपटायचे. याच हाताने. चार महिन्यांनी वहिनीला परत आणली, तेही उपकार केल्यासारखं. तोवर तिच्या पांढऱ्या पायाची चर्चा गावभर झाली होती.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. मी लग्न करून सालवडला आले. आता माहेरी तशा दोन बॅटऱ्या आहेत. वहिनी दोन्ही स्वतः चार्ज करते, आणि दर वेळी पोरीला हाक मारते – “बघ गो, हिरवा लागला ना?” पोरगी हो म्हणते. तरी जरा वेळाने वहिनी पुन्हा विचारते. स्वतःच्या डोळ्यांवरचा तिचा विश्वासच उडालाय.

गेल्या मे महिन्यात माहेरी गेले होते. ओट्यावर मी आणि वहिनी सुकट निवडत होतो. मान वर न करता ती म्हणाली, “बाय, तवा माजीच चूक झाली असंल. लय वर्सं वाटायचं, मी लावलेली. पन तू कशाला खोटं बोलशील?”

आई आत होती, पोरगी बाहेर खेळायला गेलेली. सांगायला याहून चांगली वेळ कोणती? मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, “जाऊ दे वहिनी. होतं माणसाच्या हातून.”

माफ केलं मी तिला. मी – तिला!

आणि ती हसली हो. छातीवरचा दगड उतरल्यासारखी हसली. निघताना तिने सुकटीची पिशवी माझ्या हातात दिली. मी ती घेतली.