आधी बटणं, मग नारळ

गायकवाडमामा कोणालाही भेटले की दोन्ही हात खांद्यापर्यंत वर करत आणि पंजे उघडून दाखवत. नमस्कार नाही, हात मिळवणे नाही, नुसते पसरलेले दोन पंजे. चिंचवडच्या त्या कारखान्यात पर्सोनेल खात्यात कारकून म्हणून मी रुजू झालो, त्या सकाळी प्रेस शॉपच्या दाराशी हा बुटका, रुंद खांद्यांचा माणूस माझ्यासमोर तसा उभा राहिला. मला वाटले, माझ्यामागून कोणीतरी त्यांना धमकावते आहे. मी वळून पाहिले. मागे कोणी नव्हते. "तुमचे दाखवा," ते म्हणाले. हातातले पुस्तक बगलेत धरून मी पंजे वर केले. त्यांनी ते सावकाश न्याहाळले. "दहा आहेत. संध्याकाळी घरी जाताना एवढीच न्यायची."

प्रेस शॉपमध्ये सगळेच तसे करत. शिफ्ट बदलताना येणारे रामराम म्हणोत की जयभीम, पंजे सगळ्यांचे वर जात. ही रीत मामांनी पाडली होती आणि तिला कारण होते. पत्रा कापणारे, वाकवणारे ते प्रेस म्हणजे लोखंडाचा प्रचंड जबडा. त्याला समोर दोन बटणे असत, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही बटणे एकदम दाबल्याशिवाय वरचा भाग खाली येत नसे. म्हणजे जबडा मिटताना माणसाचे दोन्ही हात बटणावर, बाहेर. एवढीच युक्ती, पण तिच्यावर शॉपमधल्या सगळ्यांची बोटे अवलंबून होती.

मामा मूळचे नगरकडचे. या भागात शेडपेक्षा ज्वारीची शेतेच जास्त होती तेव्हा ते आले आणि सांगवीला दोन खोल्या घेऊन राहिले. आमच्या कारखान्याआधी ते एका लहान वर्कशॉपमध्ये होते. तिथले प्रेस पायाने चालत, हात कुठे आहेत हे मशीन विचारत नसे. शेजारच्या मशीनवरच्या मित्राचा हात तिथे गेला. त्याविषयी मामा माझ्याजवळ एकदाच बोलले. मालकाने त्या मित्राला गेटवर बसवले आणि उपकार केल्यासारखे सगळ्यांना सांगितले. "जेवायच्या सुट्टीत तो डबा माझ्याकडे सरकवायचा," मामा म्हणाले. "झाकण उघडून द्यायला. तोंडानं काही म्हणायचा नाही." मग त्यांनी विषय बदलून आपल्या बायकोच्या, शेवंतावहिनींच्या, हातच्या भाकरीचे कौतुक सुरू केले.

कामगारांनी त्यांना सुरक्षा समितीवर निवडून दिले होते. गेटजवळच्या भिंतीवर कारखाने कायद्याचा गोषवारा लावलेला असे. जाता-येता सगळे त्याला टेकून विडी ओढत. मामा म्हणत, "कायदा भिंतीवर टांगलेला असतो. तो खाली उतरवून मशीनला बसवावा लागतो." दुसरे एक वाक्य ते नव्या पोरांना ऐकवत. "पगार कंपनी देते. बोटं आईनं दिलीत. कंपनीला तिचं काम द्यायचं, आईचं देऊन टाकायचं नाही." हे ते ओरडून सांगत नसत. शेजारी बसून, चहाची बशी फुंकत सांगत.

पुढे बोटांवर पोलादी टोपी बसवलेले बूट कंपनीने वाटले, तेव्हा लोक दुसऱ्या दिवशीही चपलांतच आले. एवढे भारी बूट रोज तेलात कोण बुडवणार? बहुतेकांनी ते जत्रेसाठी, लग्नकार्यासाठी खोक्यात जपून ठेवले होते. मामांनी कोणाची तक्रार केली नाही. ते स्वतःचे बूट घालून आले आणि शॉपमधल्या ज्या-त्या चपलेवर हलकेच पाय ठेवत हिंडले. चार-सहा दिवसांत चपला कमी झाल्या. पुनावळ्याचा बबन तेवढा शेवटपर्यंत चपलेत राहिला. त्याचे लग्न ठरले होते आणि बूट बोहल्यासाठी राखून ठेवले होते.

त्या बबनमुळेच मामांची नोकरी जाता जाता राहिली.

आमच्याकडे खंडेनवमीला मशीनची पूजा होई. मशीन धुऊनपुसून, हळदकुंकू वाहून, झेंडूच्या माळा घालत. दसऱ्याची सुट्टी झाली की सकाळच्या पाळीला पहिला जॉब माळ न उतरवता, माळेसकट काढायचा, असा शॉपचा रिवाज होता. त्या वर्षी बबनने सगळ्यांत जाड माळ केली. ती सरकू नये म्हणून तिचा दोरा डाव्या बटणावरून घेतला आणि मागच्या पाइपाला घट्ट आवळला. फुलांच्या गुच्छाखाली बटण दबून राहिले. सुट्टीनंतर मशीन सुरू केले, तर ते एकट्या उजव्या बटणावर चालू लागले.

मामा दारातून पंजे दाखवत आत आले. सगळ्यांचे दोन वर गेले, बबनचा एकच. दुसरा दिसेना. मामा भिंतीकडे धावले आणि मेन स्विच खाली ओढला. सगळी रांग बंद पडली. मग त्यांनी बबनच्या मशीनजवळ जाऊन दोरा हिसकला. माळ तुटली, झेंडू जमिनीवर पसरले.

सणानंतरच्या पहिल्याच जॉबला खोडा. सगळे जमले. नवे सुपरवायझर तर दिवाळीआधीची ऑर्डर डोक्यावर घेऊन उभे होते. बबनचा चेहरा पडला होता. "मामा, पूजेची माळ तोडली तुमी," तो म्हणाला. मागून कोणीतरी म्हणाले, "ह्यांना देव न्हाई, आपल्याला तरी ठेवू द्या की राव." मामांना ते ऐकू गेले. "माळ परत ओवता येते," एवढेच ते म्हणाले आणि वाकून फुले गोळा करू लागले.

दुपारपर्यंत त्यांच्या हातात निलंबनाचा आदेश पडला. मुद्दाम उत्पादन थांबवले, सहकाऱ्यांच्या भावना दुखावल्या, असा आरोप. चौकशीत जबाब लिहून घेण्याचे काम माझ्याकडे होते. सुपरवायझरचे म्हणणे असे, की बटण मोकळे होते, धोका काहीच नव्हता, मामांना पूजाच खुपत होती. युनियनवाले मामांच्या बाजूने उभे राहिले, पण जरा अंग चोरून, कारण निम्मे सभासद माळेवरून नाराज होते. हात आत होता की बाहेर, हे बबनशिवाय कोणी सांगू शकत नव्हते. आणि हात आत होता म्हटले, तर चूक त्याच्या अंगावर. तो अजून कायम झाला नव्हता. मुलीकडच्यांनी कायम नोकरी ऐकून होकार दिला होता.

खोलीबाहेरच्या बाकावर तो मामांशेजारीच बसला होता. दार उघडे होते, मला ऐकू येत होते.

"मामा, म्या काय सांगू?"

"मला विचारू नकोस. मला विचारून सांगितलंस तर ते माझं होईल. तुझं तू सांग."

बबन आत आला. चौकशी अधिकाऱ्यांनी हात कुठे होता ते विचारले. तो स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहत उभा राहिला, जणू तो कोणी दुसऱ्याने त्याच्याकडे ठेवायला दिला होता.

"आत व्हता साहेब," तो म्हणाला. "पत्रा तिरपा बसला व्हता, सरळ करत व्हतो. एका बटणावर चालतंय म्हणून मला बरंच वाटलं. देवानं आज एक हात मोकळा ठेवला, असं शेजारच्याला बोललो बी."

याचा अर्थ काय होईल ते कळते ना, असे अधिकाऱ्यांनी विचारले.

"व्हय. नोकरी गेली तर घरी म्हशी हायेत. हात गेला असता तर म्हशीची धार बी काढता आली नसती."

अधिकाऱ्यांनी मान खाली घातली. मला वाटते, ते हसू दाबत होते. मामांचे निलंबन मागे घेतले गेले, बबनला ताकीद मिळाली. पुढे समितीने हट्ट धरून प्रत्येक बटणाभोवती लोखंडी कडे लावून घेतले. आता त्याच्यावरून दोरा आवळला तरी बटण दबत नसे. कामावर परतले त्या दिवशी मामांनी सांगवीच्या बाजारातून झेंडू आणले आणि बबनपुढे ठेवले. बबनने जेवायच्या सुट्टीत माळ ओवली आणि वरच्या दिव्याच्या दांडीला बांधली. तेव्हापासून माळा तिथेच लागतात.

दर खंडेनवमीला मग एक नवाच विधी सुरू झाला. नारळ हातात घेऊन लोक थांबत आणि मामा प्रत्येक मशीनची बटणे आधी एकेक, मग दोन्ही मिळून दाबून पाहत. घाई करणाऱ्याला सांगत, "आधी बटणं, मग नारळ." स्वतः पूजा करत नसत. खोबरे मात्र आवडीने खात आणि वहिनींसाठी रुमालात बांधून नेत.

बबन कायम झाला, त्याचे लग्न झाले. बोहल्यावर तो खरोखरच कंपनीचे बूट घालून उभा होता, पॉलिश केलेले. आहेर देताना मामांनी आपल्या टाचेने त्याच्या बुटाची टोपी दाबून पाहिली आणि नवरीला म्हणाले, "काळजी करू नको पोरी. माल चांगला आहे." बबनने हळदीने पिवळे झालेले दोन्ही पंजे वर केले. मांडवातला अर्धा प्रेस शॉप पंजे वर करून उभा राहिला. मुलीकडचे लोक गोंधळून पाहत होते.

मामा गेल्याला आता महिना होईल. रिटायर होऊन फार दिवस झाले नव्हते. दुखणे थोडे होते, पण शेवटचे निघाले. शेवटच्या आठवड्यात मी आणि बबन त्यांना दवाखान्यात भेटलो. खिडकीतून ऊन येत होते, वहिनी मोसंबे सोलत होत्या. आम्हाला पाहून मामांनी सवयीने हात उचलले, पण एकच वर आला. डावा सलाइनसाठी फळीला बांधलेला होता. त्यांनी त्या बांधलेल्या हाताकडे पाहिले आणि हसले.

"एका हातानं मशीन चालत नाही बबन. आज सुट्टी."

 बबन कॉटच्या कडेला बसला आणि आपला डावा पंजा उघडून त्यांच्या उजव्या पंजाशेजारी धरला. मामांनी आमच्या तोंडाकडे पाहिले नाही. त्या डाव्या हाताकडे, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, सावकाश पाहिले. मग समाधानाने मान हलवून डोळे मिटले आणि वहिनींना म्हणाले, "यांना मोसंबं दे."