दुधी काचेतलं पाणी

माझ्या संग्रहातल्या एकाही कॅमेऱ्यानं आजवर फोटो काढलेला नाही. (त्यात घालायच्या काचा मिळेनाशा होऊन जमाना झाला.)

तरुणपणी बायकांना पैठणीचं वेड असतं, मला विलायतेच्या राणीच्या काळातल्या लाकडी कॅमेऱ्यांचं होतं. चामड्याचा भाता, पितळी भिंग, मागे दुधी काच, खाली तीन पायांचा स्टँड. नांदेडच्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो की कॅमेरे, हे पाहुण्यांना कळायचं नाही. (पलंग कॅमेऱ्यांना होता!)

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट. जिल्हा नवा, वाट्याला आलेला दुष्काळ मात्र जुनाच. तिकडे शिरूर अनंतपाळजवळच्या खेड्यात माझी थोरली नणंद राहायची, आक्का. तिच्या माळ्यावर तिच्या आजेसासऱ्यांचा असाच एक कॅमेरा पडून आहे, हे कळल्यावर मी एसटीनं तिथं धडकले. आक्काला वाटलं, वैनी दुष्काळात विचारपूस करायला आली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. (गावात तेवढंच शिल्लक होतं.)

आक्का आणि तिचे यजमान, आमचे दाजी, यांचा तेव्हा एकच वाद चालला होता: विहीर पाडायची कुठं? आक्काच्या पाटल्या मोडून ती एकदाच पाडता येणार होती. दाजी म्हणत चिंचेखाली, आक्का म्हणे बाभळीपाशी. मला त्याचं काय! माझं तुणतुणं एकच, कॅमेरा द्या.

"आत काय दिसतं ते दाखीव आधी," आक्का म्हणाली.

मी शेतात बाभळीसमोर स्टँड उभा केला आणि आक्काचं डोकं काळ्या फडक्यात घातलं. आता या कॅमेऱ्याच्या काचेवर सगळं उलटं उमटतं. जमीन वर, आभाळ खाली, झाड शेंड्यावर उभं. त्यात उन्हाच्या झळा. आक्का बाहेरच येईना.

"वैनी," आतून आवाज आला, "खाली पानी हाय गं. निळंशार. बाभळीची सावली हालून राहिली त्यात."

दाजींनी तिला ओढून काढलं आणि स्वतःचं डोकं घातलं. बायकोला दिसलं ते आपल्याला दिसत नाही, असं कुठला नवरा कबूल करेल? त्यांनाही दिसलं.

"दाजी, ते आभाळ आहे," मी म्हणाले.

"आभाळात कुठं पानी राहिलंय, वैनी? म्हणून तर खाली बघून राहिलो."

मी आणखी समजावणार होते. खरंच! पण आक्कानं कॅमेरा त्याच फडक्यात बांधून माझ्या हातात ठेवला. म्हणाली, "पानी दावलंस. ने तुझं लाकूड." मग सांगायचं ते सांगून झालंय अशी मी स्वतःची समजूत घातली आणि मिळेल ती एसटी धरली.

विहीर बाभळीपाशीच पाडली. माती लागली, मुरूम लागला, काळा पाषाण लागला. पाणी सोडून सगळं लागलं. पुढं शेजाऱ्यानं चिंचेच्या पलीकडे विहीर पाडली. तिला लागलं!

त्यानंतर आक्का एकदा नांदेडला आली. कपाटावर तिचा कॅमेरा लखलखत होता. मी तांब्याभर पाणी पुढं केलं. तिनं तांब्याकडं पाहिलं, मग कॅमेऱ्याकडं.

"ह्यातलंच हाय का?"

नातवंडं विचारतात, आजी, तुझ्या संग्रहातली सगळ्यात मोठी वस्तू कोणती? ती मला घरी आणता आली नाही, बाळांनो. आक्काच्या शेतात आहे. आत गच्च अंधार, वर उजेडाचा एक गोल, आणि निघत काहीच नाही. बाकीच्या संग्रहाला अगदी शोभून दिसते.