निम्म्या भावाचा बुधवार

एड्ना पिकर्सगिल थॉर्नबेक हॉटेलात एकतीस वर्षं वाढपाचं काम करते आहे. साठी उलटलेल्यांना तिथे बुधवारी दुपारी निम्म्या भावात जेवण मिळतं. भाजलेलं मांस, बटाटे, कोबी आणि पुरीसारखं टम्म फुगलेलं यॉर्कशायर पुडिंग, ज्याच्या खळग्यात ग्रेव्ही ओतायची. दार बाराला उघडतं. आम्ही साडेअकरालाच रांगेत असतो आणि सहज इकडून चाललो होतो असं दाखवतो.

एड्ना कोणाच्या बोलण्यावर विश्वास ठेवत नाही, कारण ती आमच्यातच वाढली आहे. टेबलापाशी येऊन "सगळं ठीक ना?" असं विचारायचं हे तिचं काम, आणि "छानच" म्हणायचं हे आमचं. ग्रेव्हीत बूट निघाला तरी आम्ही "छानच" म्हणू आणि मग बाहेर गाड्यांपाशी उभे राहून तासभर त्या बुटावर बोलू. म्हणून खरी बातमी एड्ना परत आलेल्या ताटांत वाचते.

फेब्रुवारीत कॅलम नावाचा नवा आचारी आला आणि पुडिंगं बसकी येऊ लागली. साच्यातली चरबी तापून धुरावली तरच पुडिंग फुगतं, आणि हा गडी त्याआधीच पातळ पीठ ओतायचा. पुडिंगं कागदी रुमालाखाली झाकून परत जाऊ लागली. एड्नाने सांगून पाहिलं, तर तो म्हणाला, गिऱ्हाइकं छान म्हणतात, कुरकुर फक्त तुमचीच आहे एड्नाबाई.

गिऱ्हाइकं छान म्हणत होती आणि यायची थांबत होती. चाळिसाची सोळा झाली. इस्टरनंतर बुधवार बंद, असं मॅनेजरने जाहीर केलं. दुखऱ्या गुडघ्यांमुळे एड्नाकडे आता कामाचा तेवढा एकच वार उरला होता.

पुढच्या बुधवारी तिने कॅलमला हाताला धरून बाहेर आणलं आणि विल्फ्रेड हार्गरीव्हजच्या टेबलापाशी उभं केलं. विल्फ्रेड म्हणजे निवृत्त टपालवाला. कुत्रा चावला तर कुत्र्याची माफी मागणारा.

"विल्फ्रेड, पुडिंग कसं झालंय?"

"छानच."

"मग रुमालाखाली काय झाकलंयस?"

विल्फ्रेडचे कान बिटासारखे लाल झाले. "चारचौघांत असं विचारतात का गं?"

"सांग त्याला. नाहीतर पुढच्या महिन्यापासून तू घरी डबाबंद सूप पी, आणि मी गुडघे चोळत बसते."

विल्फ्रेडने तीनदा माफी मागितली, ऊन फार छान पडल्याचं सांगितलं आणि मग म्हणाला, "बाळा, दोष तुझा नाही. पण हे जरासं... बसलंय."

 मग शेजारच्या टेबलावरच्या मिसेस सगडेननी आपला रुमाल उचलला. मग मी. सोळाच्या सोळा रुमाल उचलले गेले. मिसेस सगडेन म्हणाल्या की त्या आपलं पुडिंग फेब्रुवारीपासून कुत्र्यासाठी नेतात, आणि हल्ली तोही नुसतं हुंगतो.

कॅलम आत गेला. एड्ना त्याच्या मागोमाग गेली आणि चरबीतून धूर निघेपर्यंत त्याला पिठाला हात लावू दिला नाही. अर्ध्या तासाने ताटं पुन्हा आली. पुडिंगं मुठीएवढी उंच होती.

बातमी गाड्यांपाशी फुटली आणि रांग पुन्हा वाढली. इस्टर होऊन गेला, बुधवार चालू आहे.

परवा एड्नाने मला विचारलं, सगळं ठीक ना. मी म्हणालो, छानच. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ माझा रुमाल उचलला.