गाडी पुसायचं कापड

कापड हातात आलं की आधी ते गालाला लावायचं, डोळे मिटायचे, मान जराशी कलती करायची आणि मगच निकाल द्यायचा, ही मामांची पद्धत. "हात फशिवतोय शेठ. हाताला घट्टे असत्यात. गालाला इचारा," असं वर सांगायचे.

मामा म्हणजे कुणाचे सख्खे मामा नव्हेत. परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका आडत्याकडे काळी अॅम्बॅसिडर होती, तिचे ते ड्रायव्हर. लग्नसराईत आडत्या ती गाडी ओळखीपाळखीच्या लोकांना वरातीला देत असे, त्यामुळे निम्म्या गावच्या नवऱ्या मामांच्या गाडीतून सासरी गेलेल्या. मूळचे राणीसावरगावकडचे. घरची माणसं दर साली ऊसतोडीला जायची. मामा मात्र कोयता टाकून एका ट्रकवर किन्नर, म्हणजे क्लीनर, झाले आणि तिथून स्टिअरिंगपर्यंत पोचले.

माझं कापडाचं दुकान त्या आडत्याच्या समोरच. त्यामुळे रोज सकाळी गाडीची आंघोळ मला बघावीच लागे. आमच्याकडचं बोअरचं पाणी तुम्हाला माहीत असेल, नसेल तर सांगतो. अंगावर वाळलं की पांढरं उमटतं. त्यात गाडी काळी. धुऊन तशीच ठेवली की घटकाभरात तिला देवी आल्यासारखी दिसे. म्हणून धुण्यापेक्षा पुसणं महत्त्वाचं, आणि पुसण्यापेक्षा कापड महत्त्वाचं, असं मामांचं मत. आधी टप, मग काचा, मग बोनेट, मग दारं, आणि चाकं अगदी शेवटी. "लेकराचं डोकं आधी पुसत्यात का पाय?" असं ते कुणी न विचारताच सांगत.

आता गंमत बघा. आमची ओळख इतक्या वर्षांची, दुकान समोर, पण या माणसाने गाडी पुसायला माझ्याकडून वीतभर कापड कधी घेतलं नाही. दुपारी येऊन बसायचे, चहा प्यायचे आणि माझ्या मालाला नावं ठेवायचे. मांजरपाट काढला तर गालाला लावून म्हणत, "खळ हाय. पाणी पीत न्हाई, नुसतं ढकलतंय." टर्किश टॉवेल दाखवला तर, "केसं सोडतोय. गाडी हाय का बकरी?" टेरिकॉटला तर त्यांनी गालसुद्धा लावला नाही. सगळं गिऱ्हाइकांसमोर. पुढे पुढे बायकासुद्धा लुगडी गालाला लावून बघायला लागल्या, तेव्हा मी वैतागून म्हटलं, "मामा, तुमी माझं दुकान बंद पाडायलाव."

"नवं इकायचं तुमचं काम हाय, इका की," ते शांतपणे म्हणाले. "पर पुसायला जुनंच लागतंय. कापडाला आधी माणसाची सवय व्हावी लागती."

त्यांच्या लेखी सगळ्यात उत्तम म्हणजे म्हाताऱ्या माणसाचं, रोज धुतलेलं, झिरझिरीत झालेलं धोतर. गावात कुणाची धोतरं किती जुनी आहेत हे त्यांना पाठ होतं. लग्नघरीसुद्धा रिवाजच पडला होता. मामांची गाडी येणार असली की घरातली बाई आठवणीने एखादं जुनं धोतर काढून ठेवायची.

एकदा पावसापाण्याचे दिवस होते आणि त्यांची सगळी कापडं ओली. मी गाडीपाशी उभा होतो. ड्रायव्हरच्या सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत काहीतरी हिरवं दिसलं. मी ओढून काढलं. विटलेलं सुती लुगडं, पण काय मऊ! काठ बघताच ओळखलं, माल माझ्याच दुकानातला. "मामा, हे असताना कोरडं कापड कामून शोधायलाव?"

त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं, पण हिसकावलं नाही.

"ते गाडीचं न्हाई, शेठ."

मग त्यांनी सांगितलं. विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला होता, त्या दिवसांतली गोष्ट. मामा माणसं सोडायला पूर्ण्याला गेले आणि रस्ते बंद झाल्यामुळे तिकडेच अडकले. इकडे त्यांची बायको तापाने फणफणलेली. गाडीत घालून दवाखान्यात नेणारा माणूस तो एकच, आणि तो पूर्ण्यात. ते आले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

"साऱ्या गावाला दवाखान्यात न्हेलं शेठ. हिला न्हेता आलं न्हाई," मामा म्हणाले. "लय म्हनायची, एक डाव मला बी बसवा त्या गाडीत. म्या म्हनायचो, मालकाची गाडी हाय, मालकाला काय वाटंल? आता बसती. कुठं बी जायचं असलं तर माज्यासंगट येती."

गाडी सुरू करण्याआधी हा माणूस रोज वाकून सीटखाली हात का घालतो, ते मला त्या दिवशी कळलं. त्यांच्यासाठी दुकानातून काहीतरी द्यावं असं फार वाटलं. पण देणार काय? माझ्याकडे सगळं नवंच.

पुढे माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. पोखर्णीला नृसिंहाच्या देवळापाशी करायचं होतं. गाडी अर्थातच मामांची. धुळीचा रस्ता, म्हणून पोचल्यावर मामांनी आधी बादली मागितली.

आमच्या आत्याबाई लग्नाच्या सर्वाधिकारी होत्या. तोंडाने फटकळ, पण कुणाला काय लागतं ते बरोबर ध्यानात ठेवणाऱ्या. त्यांनी मामांना ओरडून सांगितलं, "दोरीवर टाकलंय बरं तुमचं धोतर!"

दोरीवर कापडं होती दोन. एक माझ्या वडिलांचं जुनं धोतर, ते मामांसाठी. दुसरं आमच्या आजोबांचं उपरणं. आमच्याकडे पिढीजात तेच अंतरपाट म्हणून धरत आले होते. सकाळी धुऊन वाळत घातलेलं, स्वस्तिक अजून काढायचं होतं. मामांनी दोन्ही कापडं गालाला लावली. डोळे मिटले. आणि अर्थातच, जास्त मऊ होतं ते घेतलं.

मुहूर्त जवळ आला, भटजींनी अंतरपाट मागितला आणि पळापळ सुरू झाली. आत्याबाई दोरीकडे धावल्या. तिथे वडिलांचं धोतर निवांत हलत होतं. पलीकडे मामा गाडीचं शेवटचं चाक पुसत होते.

आत्याबाईंनी जे तोंड सोडलं ते मी लिहीत नाही. टप, काचा, दारं, चाकं करून आमचा पिढीजात अंतरपाट डांबरासारखा काळा झाला होता. मामा हातात तो बोळा घेऊन उभे. "दोनी बी गालाला लावून बघितली वो," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. इतका उतरलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

मी म्हटलं, "आत्या, त्यात काय? कापडवाल्याच्या घरचं लग्न आहे. आहेरातलं एखादं नवं उपरणं काढू."

"कोरं चालत न्हाई आपल्यात!" आत्या कडाडल्या. "अंगावर वापरल्यालं, धुतल्यालं लागतंय. कोऱ्या कापडाआड उभं केलं की संसार ताठ ऱ्हातोय."

"मग बाबांचं धोतर?"

"मुलीच्या बापाचं नेसायचं धोतर नवरदेवाच्या तोंडापुढं धरतोस व्हय?"

वऱ्हाडी मंडळींत कुजबुज सुरू झाली. मंडपात बहीण पाटावर उभी, डोळे भरलेले. मामांनी तिच्याकडे पाहिलं. तिला लहानपणापासून ते बोनेटवर बसवून आरशात तोंड दाखवत आले होते. मग ते गाडीकडे गेले, सीटखाली हात घातला आणि पिशवी घेऊन आले.

"हे हाय," ते आत्यांना म्हणाले. "घरवालीचं. अंगावरचं हाय, धुतल्यालं हाय. पर ती आता न्हाई. चालतंय का, तुमी सांगा."

नवरदेवाकडचे कुणीतरी कुरकुरले, गेलेल्या बाईचं कसं चालेल म्हणून. आत्याबाईंनी लुगडं हातात घेतलं. आणि काय केलं असेल? गालाला लावलं.

"अहेव गेली ना बाई?" त्यांनी विचारलं.

"व्हय. हिरव्या चुड्यात."

"मग हिच्याहून चांगली सवाष्ण कुठून आणावी आता?" आत्या म्हणाल्या आणि स्वतः कुंकू कालवायला बसल्या. घडी घातलेल्या त्या हिरव्या लुगड्यावर त्यांनी स्वस्तिक काढलं. एक टोक भटजींनी धरलं. दुसरं टोक आत्याबाईंनी मामांच्या हातात दिलं. "तुमीच धरा. नीट, भिजक्या हातानं नगं."

मंगलाष्टकं सुरू होती तोवर मामा समोर बघत नव्हते, लुगड्याकडे बघत होते. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. त्या गोंधळात त्यांनी लुगड्याची घडी केली. आम्हाला वाटलं, आता ते पिशवीत जाईल. मी तर पिशवी पुढेसुद्धा केली.

त्यांनी घडी बहिणीच्या हातात ठेवली. "लेकी, ऱ्हाऊ दे तुज्याकडं. लेकरं व्हतील, त्यास्नी गुंडाळ. टोचत न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लग्नाला आल्ती म्हनायचं, शेठ. हितं उतरली."

मला रडू आवरलं नाही. तिथे कुणाला आवरलं असेल तर त्या भटजींनाच, त्यांना पुढे दुसरं लग्न होतं.

त्यानंतरही मामा रोज गाडी पुसत राहिले, माझ्या मालाला नावं ठेवत राहिले. फक्त गाडी सुरू करताना हात सवयीने सीटखाली जायचा आणि रिकामा परत यायचा. मी बघितलं न बघितल्यासारखं करायचो. पुढे आडत्याने ती गाडी विकली आणि मामा राणीसावरगावला निघून गेले. विद्यापीठाचं नामांतर अखेर झालं त्या साली ते वारल्याचं कळलं, तेही एका गिऱ्हाइकाकडून. मी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

बहिणीची दोन्ही लेकरं त्या लुगड्यात वाढली. मामांनी मला सांगितलेलं सगळं मी तिला केव्हाच सांगून टाकलं होतं. परवा-परवा मेहुण्यांनी जुनीच पण स्वतःची गाडी घेतली. मी पूजेला गेलो होतो. मेहुण्यांनी बोअरच्या पाण्याने गाडी धुतली आणि कापडासाठी हाका मारायला लागले. बहीण ते हिरवं लुगडं घेऊन बाहेर आली. मेहुण्यांनी हात पुढे केला.

"हे पुसायचं नाही," ती म्हणाली आणि दुसऱ्या हातातली त्यांचीच जुनी लुंगी त्यांच्याकडे फेकली. मग दार उघडून तिने लुगड्याची घडी पुढच्या सीटवर ठेवली.

"अगं, तिथे तू बसणार ना?"

"मी मागं बसते. त्यांना बसू द्या पुढं. आता मालकाला विचारायचं काम नाही."

मेहुण्यांनी टपापासून पुसायला सुरुवात केली. चाकं झाल्यावर आम्ही पोखर्णीला जाऊन आलो.